नववी खोप

आमच्याकडे कुणाचा वाढदिवस कधी, हे संडासात लिहिलेलं असतं. बसल्या जागेवरून वाचता येईल अशा उंचीवर एक कॅलेंडर टांगायचं, वार नसलेलं, नुसत्या तारखांचं, म्हणजे ते जन्मभर पुरतं. पाहुणा आत गेला की आधी आपलं नाव आहे ना ते बघतो आणि मग ज्यासाठी गेला ते उरकतो. माझ्या कॅलेंडरात अख्खं वेलडाइक गाव आहे. चौतीस घरं, एक्क्याण्णव माणसं. कुणी जन्मलं की मी शाईने लिहिते. कुणाचं लग्न ठरलं की आधी पेन्सिलने लिहिते, कारण लग्नाचं काही खरं नसतं. कुणी मेलं की पट्टी लावून एक रेघ मारते.

या हिवाळ्यात मी पुष्कळ रेघा मारल्या. मेलं मात्र एकही माणूस नाही. आज सकाळी हाताशी थोडा वेळ आहे आणि मन फार प्रसन्न आहे, तेव्हा सगळं ओळीने लिहून ठेवते.

मी विल्मीन. अडतीस वर्षं इथल्या शाळेत बाई होते. निवृत्त झाल्यापासून बांधराखणीची चिटणीस आहे. मेरवेदे नदी आणि आमचं गाव यांच्यामध्ये एक मातीचा बांध आहे, आणि पूर आला की नदी आमच्या उशापेक्षा वर असते. त्यामुळे त्या बांधावर कुणीतरी चष्मा लावून फिरणं बरं असतं. मी सतरा नंबरच्या घरात जन्मले, त्याच घरात नवरा आणला आणि त्याच घरातून त्याला पोचवला. बाहेरगावी मुक्काम आयुष्यात दोनदा केला, दोन्ही वेळा डोकं दुखलं. मुलगी मार्लीन कॅनडात असते. बावीस वर्षं ती "आई, आता ये" म्हणते आहे आणि बावीस वर्षं मी "नासपती उतरवल्या की बघू" म्हणते आहे. नासपती दरवर्षी उतरवते. हे घर सोडून मी कुठेही जाणार नाही, हे गावात सगळ्यांना इतकं ठाऊक होतं की त्यावर कुणी विनोदही करत नसे.

समोर अठरा नंबरात बास्तियान. त्याच्या झाडाची सावली माझ्या स्वयंपाकघरावर पडते. वीस वर्षं आम्ही एकमेकांशी फक्त चिठ्ठीने बोलतो, आणि चिठ्ठ्या सभ्य असतात.

तर उंदरांची तक्रार मीच केली. ऑक्टोबरात बांधावरून फिरताना काठीचं टोक भसकन आत गेलं. खाली बीळ होतं. कस्तुरी उंदीर. हे जनावर इथलं नव्हे. माझ्या आजीच्या लहानपणी कुणा हौशी जमीनदाराने बोहेमियात अमेरिकेहून चार-पाच जोड्या आणून तळ्यात सोडल्या आणि तेव्हापासून निम्मं युरोप त्यांचं आहे. मांजराच्या मोठ्या पिल्लाएवढं अंग, चपटी शेपूट, पोहायला तरबेज. दिसायला गरीब, पण बांध पोखरून ठेवतात. मी जलमंडळाला पत्र लिहिलं, उत्तर आलं नाही म्हणून दुसरं लिहिलं, तिसऱ्या पत्रावर त्यांनी क्रेलिसला पाठवला.

क्रेलिस माझा जुना विद्यार्थी. आता पंचेचाळिशीचा, लालबुंद, काखेपर्यंत येणारी रबरी विजार घालून दिवसभर पाण्यात. वर्गात तो खिडकीशी बसायचा. नदीचा डावा किनारा कोणता, हे कळायला त्याला दोन वर्षं लागली. मी सगळ्या वर्गाला उभं करायची. पाणी जातं तिकडे तोंड करा, आता डावा हात वर करा. क्रेलिस एक गिरकी घेऊन दोन्ही हात वर करायचा, म्हणजे एक तरी बरोबर येईल.

दर शुक्रवारी सकाळी दहाला तो माझ्याकडे कॉफीला येऊ लागला. कॉफीबरोबर एक बिस्कीट. मग मी डबा बंद करते.

"एकच, बाई?"

"दुसरं आज खाल्लंस तर पुढच्या शुक्रवारी काय खाशील?"

"बेल्जियममध्ये म्हणे या उंदरांचं मटण करतात. आलुबुखार घालून. एक आणून देऊ का? बिस्किटांवरचा ताण कमी होईल."

पहिल्याच शुक्रवारी त्याने मला एक गंमत सांगितली. बांधापलीकडे, नदीच्या अंगाला, बोरूचं मोठं बेट आहे. त्यातून एक जुनी खाडी जाते. थंडीसाठी उंदरांनी तिथे खोपी बांधल्या होत्या. बोरू आणि चिखल रचून पाण्यातून वर काढलेले घुमट, कमरेइतके.

"पण बाई, ओळीत आहेत. सतरा या काठाला, सतरा त्या काठाला. मी पंचवीस वर्षं हेच करतोय, उंदराने ओळ धरलेली पाहिली नाही. आणि टोकाला, पाणी वाहत जातं त्या बाजूला, एक मोठ्ठी खोप, आत कुणी नाही. चर्च बांधलंय बेट्यांनी."

"घंटा आहे का बघ."

आम्ही दोघं हसलो. चिटणिसाला नकाशा लागतोच, म्हणून मी चौकटीच्या कागदावर तो काढून घेतला. दोन ओळी, मधून खाडी, टोकाला मोठी खोप. क्रेलिस बोट ठेवून सांगायचा, ही रिकामी केली, मी तिथे फुली मारायची आणि किती निघाले तो आकडा लिहायचा. पहिली फुली पडली ती मोठ्या खोपीपासून सगळ्यात लांबच्या खोपीवर.

"पाच. दोन थोराड, तीन पोरं."

पुढच्या मंगळवारी फरहूफ कुटुंब केक घेऊन दारात उभं. चर्चपासून सगळ्यात लांब त्यांचं घर. नवरा, बायको, तीन मुलं.

"आम्ही नॉर्वेला चाललो, बाई," नवरा म्हणाला. हा माणूस जूनमध्ये गळ्याला मफलर बांधायचा.

"नॉर्वेला काय आहे?"

"काय माहीत," बायको म्हणाली आणि दोघं इतकी मनापासून हसली की मलाही हसू आलं. मुलं माझ्या गालिच्यावर लोळत होती, कुणी ओरडत नव्हतं. मी कॅलेंडराशेजारी पत्त्यांची वही ठेवते. ती काढली.

"पत्ता द्या."

"पोचलो की कळवतो."

शुक्रवारपर्यंत घर रिकामं. चिटणीस म्हणून नळाचं पाणी बंद करायला मी गेले. सामान होतं तसंच होतं. मागच्या दाराशी पाच जोड बूट ओळीने लावलेले, मोठ्यापासून लहानापर्यंत. घरात एक वास होता, गोडसर, ओलसर, वाईट नाही. ओल्या लोकरीत कुणी जायफळ किसल्यासारखा. मी मनाशी म्हटलं, नॉर्वेत चांगले बूट मिळत असतील.

डिसेंबरात क्रेलिसने उजवीकडची दुसरी खोप रिकामी केली.

"एकच निघाला, बाई. एकटा उंदीर एवढ्या मोठ्या खोपीत. असं करत नाहीत हे, थंडीत चिकटून बसतात."

"कुणाला माणसांचा कंटाळा असेल."

चार नंबरात बेप एकटी राहायची. पोस्टातून निवृत्त झालेली, गावातल्या प्रत्येकाला वाढदिवसाचं कार्ड पाठवायची, गाईवाल्या आरीच्या कुत्र्यालासुद्धा. रविवारी चर्चच्या दारात तिने माझा हात धरला. ती भावाकडे पोर्तुगालला चालली होती. या भावाशी ती तीस वर्षं बोलली नव्हती. आईच्या सूपच्या पातेल्यावरून भांडण झालं होतं, आणि ते पातेलं बेपकडेच होतं.

"पातेलं नेतेस ना?"

"कशाला गं? तिथे सगळं आहे." तिचे गाल तरुण पोरीसारखे दिसत होते. "पोचले की कळवते."

नाताळानंतर पाद्रीबुवांनी उपदेश अर्ध्यावर थांबवला, पुस्तक मिटलं आणि म्हणाले, "मंडळी, मला इतकं छान वाटतंय की पुढचं सांगायची गरज दिसत नाही." ते आणि त्यांची बायको बुधवारी गेले. उपदेश अर्ध्यावर संपल्याबद्दल गावात कुणाचीच तक्रार नव्हती. त्या आठवड्यात क्रेलिसचा आकडा होता दोन.

आता मी हिशेबी बाई आहे, भोळी नाही. दोन आकडे जुळले तर योगायोग, तीन जुळले तर कागद काढायचा. कागद कुठे काढला ते सांगायला लाजत नाही. कॅलेंडर जिथे आहे तिथेच काढला, मांडीवर ठेवला आणि मान वर करून नावं वाचत गेले. चर्चकडे पाठ करून उभं राहिलं की आमच्या रस्त्याला डाव्या हाताला विषम नंबर, सतरा घरं. उजव्या हाताला सम, सतरा घरं. नकाशावरच्या मोठ्या खोपीकडे पाठ केली तर तेच. फुल्या होत्या शेवटच्या घरावर, बेपच्या घरावर, पाद्रीबुवांच्या घरावर. आकडे पाच, एक, दोन.

बाहेर आले, हात धुतले आणि वर्गात मुलांना सांगायची तेच स्वतःला सांगितलं. आधी प्रयोग, मग मत.

शुक्रवारी क्रेलिसला विचारलं, "पुढची कोणती?"

त्याने बोट ठेवलं. "ही. परवा पिंजरे लावतो."

ती खोप म्हणजे एकोणतीस नंबर. आरी. नऊ पिढ्या त्याच गोठ्यात. घरात नवरा, बायको, दोन मुली. मी शनिवारी सफरचंदाचा केक केला आणि गेले. आरी गोठ्यात होता, लाकडी बूट शेणाने भरलेले.

"आरी, कुठे जायचा विचार आहे का तुझा?"

"मी?" त्याने गाईच्या पाठीवर थाप मारली. "गोर्कमच्या बाजारात जातो म्हटलं तरी या बाया दूध चोरतात. काय झालं, बाई? माझं घर कुणाला हवंय का?"

"नाही. सहज."

"केक आणलाय आणि सहज? तुम्ही?"

गोठ्यात गाईंचाच वास होता. मी अगदी निश्चिंत मनाने घरी आले.

पुढच्या शुक्रवारी क्रेलिस म्हणाला, "चार," आणि बिस्किटाकडे हात केला.

सोमवारी आरी शीळ घालत माझ्या खिडकीवरून गेला. मी त्याला चाळीस वर्षं ओळखते. त्याला शीळ येत नाही. गाई मेव्हण्याला देऊन टाकल्या होत्या.

"कुठे रे?"

"पाण्याकाठीच कुठेतरी, बाई. बघू. पोचलो की कळवतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या लख्ख उन्हात ती चौघं निघाली. हातात जवळजवळ काही नाही. एकामागे एक, बांधाच्या पायऱ्या चढली. वर पोचल्यावर धाकटीने वळून मला हात केला. मग ती पलीकडे उतरली. बसथांबा अलीकडच्या बाजूला आहे. पायांत काय होतं ते लांबून दिसलं नाही. मी त्यांच्या मागच्या दाराशी गेले. लाकडी बुटांचे चार जोड, धुऊन, ओळीने.

मेव्हणा गाई न्यायला आला तेव्हा म्हणाला, "इतका आनंदी माणूस मी उभ्या जन्मात पाहिला नाही. मत्सर वाटला, खरं सांगतो."

त्या शुक्रवारी मी क्रेलिसला म्हटलं की आता पुरे, पिंजरे उचल.

तो कप खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिला. "बाई, तीन पत्रं तुमची आहेत. तिसऱ्यात तुम्ही 'निष्काळजीपणा' या शब्दाखाली दोन रेघा मारल्यात. ऑफिसात ते भिंतीला लावलंय."

"माझं मत बदललं."

"का?"

आता काय सांगायचं? की माझ्या संडासातलं कॅलेंडर आणि तुझे उंदीर जुळतात? ज्या पोराला मी डावं-उजवं शिकवलं, त्याच्यासमोर?

"जर्मनीत बर्फ वितळतंय," तो समजूत घातल्यासारखा म्हणाला. "मार्चअखेर पाणी चढणार. तोवर सगळ्या खोपी रिकाम्या पाहिजेत, नाही तर बांध जाईल. मग आपण सगळेच जाऊ, तेही ओल्या पायांनी."

त्याचं बरोबर होतं. तेच तर वाईट होतं.

फेब्रुवारीत आमच्या गावात जितकी मजा झाली तितकी मी कधी पाहिली नव्हती. दर आठवड्याला चार-पाच घरांचा निरोप. आमच्याकडे वाढदिवसाला खुर्च्या गोलात मांडून लोक मयतीला आल्यासारखे बसतात, तेच लोक आता गाणी म्हणत होते. बेकरीवाल्याने उरलेलं सगळं पीठ लावून तळलेले गोळे केले आणि फुकट वाटले. शाळेत मुलं कमी झाली तरी आवाज वाढला. जे उरले होते तेही खूश, कारण गेलेल्यांकडून कुणाला शिडी मिळाली, कुणाला शिवणयंत्र. मीही जायची. गोलात बसायची, एक तुकडा केक खायची, पत्ता विचारायची. सगळे एकच उत्तर द्यायचे, त्याच शब्दांत, त्याच हसऱ्या तोंडाने. प्रत्येक घरात तो जायफळाचा वास.

दोन मार्चला माझा वाढदिवस असतो. टपालपेटीत एकच पाकीट होतं, मार्लीनचं. गेलेल्या बावीस घरांपैकी एकाचंही कार्ड नाही. बाकीच्यांचं सोडा, लोक पोचले की विसरतात. पण बेप? आरीच्या कुत्र्याला कार्ड पाठवणारी बेप?

बास्तियानने मात्र दाराखालून चिठ्ठी सरकवली होती. "वाढदिवसाच्या शुभेच्छा. गाव फार शांत झालं आहे. तुम्ही जाणार आहात का?"

मी उत्तर लिहिलं. "नाही. झाड छाटा."

नकाशावर बारा खोपी उरल्या होत्या. त्यांत एक माझी. रस्त्याच्या डाव्या हाताला नववी, बरोबर मध्यावर. तिच्यासमोर, खाडीपलीकडे, बास्तियानची. तीही नववी.

इथे मला एक गोष्ट कबूल केली पाहिजे. माझ्याकडे एक खोप वाचवायची सोय होती. जलमंडळाचा नियम आहे की पाणकोंबडी अंडी घालत असेल तर तेवढी जागा सोडायची. एक पक्षी, एक जागा. दहा पाणकोंबड्या सांगितल्या असत्या तर क्रेलिसने मला वेड्यात काढलं असतं. म्हणून एक. शाळेच्या नव्या बाईंचं घर वाचवता आलं असतं, त्यांना सहा महिन्यांचं मूल आहे. मी फार वेळ विचार केला नाही.

नेमकं वाढदिवसानंतरच्या शुक्रवारी क्रेलिस आला नाही. पाणी वेळेआधी चढू लागलं होतं. अकरा वाजता त्याचा फोन आला, होडीतून. मागे इंजिनाची घरघर.

"बाई, आज कॉफी नाही. उरलेल्या सगळ्या आजच उरकतो."

"ऐक. तिथे एक पाणकोंबडी बसलीय अंड्यांवर. मी दुर्बिणीतून पाहिली. ती खोप राहू दे."

"कोणती?"

"डाव्या ओळीतली नववी."

"डावी, नववी. ठेवली. बिस्कीट उधार."

मी फोन ठेवला. मग दार-खिडक्या लावल्या आणि वाट पाहत बसले. कशाची ते नक्की ठाऊक नव्हतं.

काही झालं नाही. दुपारी मी बटाटे सोलले.

शनिवार गेला. रविवारी चर्चमध्ये मी आणि बास्तियान दोघंच होतो, दोन टोकांना. बाकीचे सकाळीच निघाले होते. शाळेच्या बाई पोराला कडेवर घेऊन बांधावर चढताना मी पाहिलं. पोर खिदळत होतं.

मी घरी आले. माझ्या घरात कॉफीचा वास होता, कॉफीचाच. मी दीर्घ श्वास घेतला आणि दोन-तीनदा खात्री केली.

काल क्रेलिस आला. पाणी ओसरायला लागलं होतं, बांध शाबूत होता. तो खूश होता.

"झालं काम. गावात कुणीच दिसत नाही, बाई. सगळे सुट्टीवर?"

"हो, तसंच काहीसं."

"तुमची पाणकोंबडी काही मला दिसली नाही. पण शब्द तो शब्द. खोपीला हात लावला नाही." त्याने नकाशा ओढून घेतला आणि बोट ठेवलं. "ही बघा. अजून उभी आहे."

बोट अठरा नंबरवर होतं.

"क्रेलिस," मी म्हटलं, "डावी म्हटलं होतं मी."

"हो मग? डावीच आहे." तो उठला, स्वयंपाकघराच्या मध्यभागी उभा राहिला आणि खिडकीबाहेर नदी जिकडे जाते तिकडे तोंड केलं. "पाणी जातं तिकडे तोंड. डावा हात वर." त्याने हात वर केला. एकच. अगदी बरोबर. "तुम्हीच शिकवलंत, बाई. दोन वर्षं."

मी चर्चकडे पाठ करून मोजलं होतं. म्हणजे पाण्याच्या उलट दिशेला तोंड करून. अडतीस वर्षं मी या एका चुकीसाठी पोरांचे गुण कापले.

"आणि समोरची?"

"ती शुक्रवारी दुपारी पिंजऱ्यातच होती, पण होडीत जागा नव्हती. आज सकाळी काढली. एकच निघाली. म्हातारी मादी. पण तुम्हाला सांगतो, इतकी टुणटुणीत जनावरं कमी बघितलीत. डोळे चमकत होते. चावायला आली नाही, काही नाही. हातात अशी शांत बसली, जणू कुठे जायचं ते तिला माहीत होतं."

मी नकाशावर सतरा नंबरला फुली मारली आणि आकडा लिहिला, एक.

मग ते आलं. कसं सांगू? पोटातून वर चढत आलं, पहिल्यांदा सायकल चालवता आली होती त्या दिवसासारखं. मला खूप हसू आलं. चूक किती छान होती, किती नेमकी. बास्तियान इथे एकटा राहणार, चौतीस घरांत एकटा, आपल्या झाडासकट. मी त्याच्यासाठी पाणकोंबडी खर्च केली होती.

मी बिस्किटांचा डबा उघडला आणि क्रेलिससमोर ठेवला.

त्याने डब्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. त्याच्या चेहऱ्यावरचा लाल रंग उतरत गेला.

"बाई, बरं आहे ना तुम्हाला?"

"खा रे. सगळी खा."

त्याने एकही घेतलं नाही. "कुठे जाताय का तुम्ही? मार्लीनकडे? कॅनडाला?"

"पाण्याकाठीच कुठेतरी," मी म्हटलं.

"पत्ता देऊन ठेवा की."

मार्लीनचा पत्ता मला पाठ आहे. बावीस वर्षं दर महिन्याला पाकिटावर लिहिते आहे, घर नंबर, रस्ता, गाव, पिनकोड. मी तोंड उघडलं.

"पोचले की कळवते," मी म्हटलं.

आता मंगळवारची सकाळ आहे, नऊ वाजायला आलेत, ऊन छान पडलंय. मला समजतंय की मी घाबरायला हवं होतं. तशी नोंद करून ठेवली आहे. कॅलेंडरातल्या माझ्या नावावर पट्टी लावून रेघ मारली, सरळ आली. नासपतीला कळ्या आल्यात, त्या उतरवायला कुणी असेल, नसेल. स्वयंपाकघरात पहाटेपासून जायफळासारखा वास येतो आहे आणि तो मला आवडतो.

समोरच्या खिडकीत बास्तियान उभा आहे. मी हात केला. वीस वर्षांत पहिल्यांदा. त्याने काच उघडली आणि चिठ्ठीशिवाय बोलला.

"विल्मीन, बसथांबा या बाजूला आहे."

"माहीत आहे," मी म्हटलं.

बॅग भरून झाली होती, पण तिच्यात काय आहे ते आठवेना, म्हणून ती खाटेखाली ठेवून दिली. बूट मागच्या दाराशी लावलेत. कालच पुसले होते, चांगले दिसतात. फरशी ओली आहे आणि पायांना गार लागत नाही.